थेंबताई आणि त्रेसष्ट नंबरचं औषध

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मासळीबाजारात, सकाळी सात वाजता, आणि तिला मासे नको होते.

"नुसता बर्फ?" मासेवाली कंबरेवर हात ठेवून विचारत होती. "मग मी मासे कशावर ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

"मावशी, अर्धी पेटी द्या फक्त. आमचं मशीन बंद पडलंय."

"कसलं मशीन?"

"बर्फाचंच."

"सरबताचं दुकान आहे का?"

"नाही हो. आमच्याकडे जिवंत वस्तू असते. दुपारपर्यंत गार ठेवावी लागते, नाहीतर मरते."

"ऐका! मी मेलेले बर्फात ठेवते, ही जिवंत ठेवते." रांगेतले सगळे हसले. ती हसली नाही. चाळिशी ओलांडलेली, बारीक चणीची, आणि ऐन उकाड्यात अंगात लोकरीचा स्वेटर. तिने पेटीत बोट घालून बर्फ चाचपला. "खडे नकोत मावशी, चुरा द्या. खड्यांत नळी नीट बसत नाही." मग पेटीचं झाकण दाबलं, दोन पावलं गेली, थांबली आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर माणसाची पारख मी अशा गोष्टींवरून करते. दौतीचं झाकण दोनदा बघणारी मुलं वर्गात दोन-तीनच असायची.

पंधरा दिवसांनी तीच बाई आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटली. दुसऱ्या मजल्यावरची रिकामी जागा त्यांनी घेतली होती. ती, लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा नवरा आणि सासूबाई. मी तिसऱ्या मजल्यावर. शहराच्या टोकाला जी संशोधन संस्था आहे, तिथे ती एकवीस वर्षं तंत्रज्ञ होती. तिथली पोरं तिला थेंबताई म्हणत. नवऱ्याला हे नाव इतकं आवडलं की घरातही तो तेच वापरी. "थेंबताई, आज आमटीत मीठ किती थेंब?" वगैरे.

हे थेंब कसले, ते मला तिच्याच स्वयंपाकघरात कळलं.

"पेशीत छोटी छोटी वीजघरं असतात, बाई. तुम्ही शाळेत तंतुकणिका शिकवल्या असतील."

"मी भाषा शिकवायचे."

"मग सोपं आहे. आधीचं काही विसरायला नको." ती वाटाणे सोलत बोलत होती. "या वीजघरांना थोडं कॅल्शियम लागतंच. पण हृदयाचा झटका येतो, रक्त थांबतं आणि मग पुन्हा सुरू होतं, तेव्हा कॅल्शियमचा लोंढा येतो. ही बिचारी तो पीत राहतात. पिऊन पिऊन एका क्षणी त्यांच्या भिंतीतलं एक दार सताड उघडतं, आत पाणी शिरतं, ती फुगतात आणि फुटतात. वीजघरं गेली की पेशी गेली. आम्ही असं औषध शोधतोय की जे ते दार धरून ठेवेल. एक जुनं औषध आहे, ते धरतं. पण ते शरीराची रोगाशी लढायची ताकदच झोपवतं. म्हणून दुसरं, लहानसं, साधं काहीतरी हवंय."

"आणि तू काय करतेस?"

"मी त्यांना कॅल्शियम पाजते. दर मिनिटाला एक थेंब. कितव्या थेंबाला फुटतात ते मोजते. औषधाशिवाय सहाव्या थेंबापर्यंत तग धरतात, सातव्याला फुटतात. औषध घालून जास्त थेंब सोसले, तर औषध कामाचं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "म्हणजे पाहुण्याला आग्रह करकरून फोडायचं, आणि कोणती गोळी दिली असती तर तो फुटला नसता, ते बघायचं."

"अगदी तसंच, आई."

"आणि ह्याला नोकरी म्हणतात!"

मी एकदा तिच्याबरोबर ते पाहायला गेले. शिपायाने माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि तिने मला एक जुना स्वेटर दिला, कारण तिची खोली घरातल्या फ्रीजइतकी गार होती. साडेआठला उंदराचं यकृत बर्फातल्या डबीत आलं. ते बारीक चिरून तिने काचेच्या नळीत घातलं आणि वरून घट्ट बसणारा दांडा फिरवत खालीवर केला. बरोबर सहा वेळा. ओठांत मोजत. "पाच केले तर पेशी फुटत नाहीत, सात केले तर वीजघरंच फुटतात," ती म्हणाली. मग ते मिश्रण यंत्रात फिरवलं, वरचं ओतलं, तळचं ठेवलं, पुन्हा फिरवलं. शेवटी नळीच्या तळाशी बदामी रंगाचा एक ठिपका उरला. चहाच्या चमच्यातही दिसणार नाही एवढा. हीच ती जिवंत वस्तू. चार तास टिकते, मग मरते. म्हणून थेंबताई दुपारी एकपर्यंत जेवत नसे, फोन घेत नसे आणि कोणाशी नीट बोलतही नसे.

मग तिने बोटभर उंचीच्या चौकोनी काचपेटीत पाणी, मीठ, चकाकणारा एक रंग आणि त्या बदामी ठिपक्यातला अंश घातला. बाहेर मोकळं कॅल्शियम असलं की रंग चमकतो आणि पडद्यावरची रेघ वर उसळते. वीजघरांनी ते प्यायलं की रेघ खाली येते. ती थेंब टाकी, रेघ उसळे, हळूहळू खाली येई. पुन्हा थेंब. सातव्या थेंबाला रेघ वर गेली आणि खाली आलीच नाही, वर वरच चढत राहिली.

"गेली," थेंबताई म्हणाली. हजारो वेळा पाहिलेलं असूनही तिचा आवाज किंचित उतरला होता.

औषधांना नावं नव्हती, नंबर होते. दोन मजले वरचे केमिस्ट ती तयार करत आणि पुड्यांवर नंबर घालून खाली पाठवत. हे केमिस्ट म्हणजे पन्नाशीचा, टक्कल पडलेला, घाबरट आणि भला माणूस. बहुतेक नंबर काहीच करत नसत. एक्केचाळीस नंबरने मात्र नऊ थेंब सोसले होते. तीन जास्त. थेंबताईने ते पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा नऊ. विभागप्रमुखांना तिने आनंदाने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तीन थेंबांवर कोण विश्वास ठेवणार? जुनं औषध बारा देतं. बाराच्या पुढचं आण." एक्केचाळीस नंबर फ्रीजच्या खालच्या खणात गेला.

मग त्रेसष्ट नंबर आला. चौदा थेंब!

विभागप्रमुखांनी स्वतः तिच्या खोलीत येऊन ती रेघ पाहिली. दुपारी सगळ्या मजल्याला चहा झाला. महिन्याभरात वर्तमानपत्रात फोटो आला: प्रमुख मध्ये, बाजूला चार संशोधक, आणि कडेला स्वेटरची एक बाही. ती बाही थेंबताईची. नवऱ्याने ते कात्रण फ्रीजवर लावलं आणि बाहीवर बाण काढून 'आमची' असं लिहिलं. एक औषध कंपनी आली. आधी डुकरांवर आणि मग हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या माणसांवर ते देऊन पाहायचं, असा करार झाला.

थेंबताईला तेव्हाच एक गोष्ट खटकली होती. जुन्या औषधाच्या वेळी प्रत्येक थेंबाला रेघ उसळायची आणि मग खाली यायची. त्रेसष्टच्या वेळी पहिले कितीतरी थेंब रेघ उसळतच नव्हती. सपाट. तिने प्रमुखांना विचारलं. ते हसून म्हणाले, "इतक्या वेगाने पितात की उसळायला वेळच मिळत नाही. हेच तर सौंदर्य आहे!" ती गप्प बसली. या गप्प बसण्याबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. मला मात्र त्या उत्तराचाच राग येतो. प्रश्न बरोबर होता. विचारणारी बीएस्सी होती, एवढाच काय तो दोष.

कंपनीला जास्त औषध हवं होतं, म्हणून केमिस्टनी दुसरी खेप केली, सोप्या नव्या रीतीने. थेंबताईने ती घातली. सहा थेंब. पुन्हा घातली. सहा.

तिथून तिचे वाईट दिवस सुरू झाले. औषध तेच, नंबर तोच, मग चूक कोणाची? बारा माणसांच्या बैठकीत प्रमुख म्हणाले, "हात थकले की वीजघरं नीट निघत नाहीत. माणूस आहे, वय होतंच." सगळे आपापल्या वह्यांकडे बघत राहिले. अहो, ज्या वीजघरांवर बिनऔषधी सहा आणि जुन्या औषधाचे बारा रोज सकाळी चोख येत होते, ती फक्त त्रेसष्ट घातल्यावर खराब होत होती का? बारा शिकलेल्या माणसांतल्या एकाला हे विचारावंसं वाटू नये?

आणि तिनेही ते खरं मानलं! हात थरथरतो की काय म्हणून चहा सोडला. नळ्या तीन-तीनदा आम्लात धुतल्या. नवीन दांडा मागवला. घरी भाजी चिरताना ती हाताकडे बघत राहायची. सासूबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, हिला काहीतरी सांगा हो. परवा वरणात पळी सहा वेळा फिरवली आणि थांबली. मी म्हटलं, अगं, गाठी राहिल्यात! तर म्हणते, आई, सातव्याला फुटेल."

असे तीन महिने गेले. एका रविवारी दुपारी ती हातात कागदांची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आली. माझं जेवणाचं टेबल मोठं आहे म्हणून. पहिल्या खेपेच्या सगळ्या रेघा तिने त्यावर पसरल्या, कोपऱ्यांवर माझ्या वाट्या ठेवल्या.

"बाई, ही रेघ वाचा. भाषेच्या पेपरासारखी वाचा. मी फार वेळ बघितलीय, मला आता दिसत नाही."

मी चष्मा लावला. "इथे सपाट आहे. मग उसळ्या."

"सपाट किती?"

मी खुणा मोजल्या. "आठ."

"उसळ्या किती? खाली येणाऱ्या?"

"सहा."

तिने दुसरा कागद पुढे केला. आठ आणि सहा. तिसरा. आठ आणि सहा. ती खुर्चीवर बसली.

"सहा तर ती औषधाशिवायच पितात," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे पहिले आठ थेंब त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. कोणीतरी वाटेतच धरले." आणि मग हिशेब लागल्यावर मुलं करतात तसा चेहरा न करता, उलट एकदम पांढरी पडून म्हणाली, "औषधामुळे ती दुपटीहून जास्त टिकली, हे खरं नव्हतंच, बाई. एक थेंबही जास्त टिकली नव्हती."

सोमवारी तिने एक प्रयोग केला. तो करायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर पहिल्याच दिवशी तो व्हायला हवा होता. पण त्या खोलीची रीत अशी होती की बिनऔषधाची वीजघरं रोज बघायची. बिनवीजघरांचं औषध मात्र कधीच नाही. त्यात बघण्यासारखं काय असणार? तिने काचपेटीत पाणी, मीठ आणि रंग घातला. पहिल्या खेपेच्या पुडीत तळाला राहिलेलं त्रेसष्ट घातलं. वीजघरं घातलीच नाहीत. आणि थेंब टाकायला लागली. प्यायला कोणी नसताना आठ थेंब नाहीसे झाले. नवव्याला रेघ उसळली आणि वरच राहिली. मग दुसऱ्या खेपेचं त्रेसष्ट. पहिल्याच थेंबाला रेघ वर.

तिने ते नोंदवहीत लिहिलं. मी ते पान पाहिलं आहे. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, पाच ओळी, सही. एकही विशेषण नाही.

मग ती जिना चढून केमिस्टकडे गेली. "भाऊ, पहिल्या खेपेत काय वेगळं केलं होतंत?"

"काही नाही. जुनी रीत. त्यात तांबं वापरावं लागायचं, ते शेवटी धुऊन काढायचो."

"कशाने?"

 तांबं काढायला त्यांनी जे रसायन वापरलं होतं, ते धातू धरून ठेवतं. त्या मजल्यावर त्याला चिमटाच म्हणतात. तांब्याला धरतं तसं कॅल्शियमलाही धरतं. ते पुरतं धुतलं गेलं नव्हतं. पुडीतला जवळजवळ तिसरा हिस्सा चिमटाच होता. नव्या रीतीत तांबं नव्हतं, म्हणून चिमटा नव्हता, आणि म्हणून गुणही नव्हता.

"ताई," केमिस्ट खाली बसले, "माझं नाव येईल का हो यात?"

"पानावर कोणाचंच नाव नाही, भाऊ. आकडे आहेत."

मला केमिस्टचा राग नाही. धुताना चूक होते, माणसं चुकतात. राग आहे तो पुढच्याचा.

प्रमुखांनी पान वाचलं. दार लावून घेतलं. ते काही दुष्ट नव्हते, हेही मला लिहिलं पाहिजे. सासूबाईंना एकदा रुग्णालयात खाट मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतः चार फोन केले होते. पण त्या दिवशी ते म्हणाले, "हे पान काट."

"सर, काटलं तरी खालचं वाचता येतं. एकच रेघ मारायची, तुम्हीच शिकवलंत."

"मग फाड."

"पानांना नंबर आहेत."

त्यांनीच तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बजावलं होतं की नोंदवहीत खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही; चुकलं तर एक रेघ, तारीख, सही, आणि चुकलेलं दिसलं पाहिजे. ज्याने धडा दिला त्यालाच तो म्हणून दाखवावा लागावा, यासारखी शरमेची गोष्ट नाही. शरमायला हवं होतं त्यांनी. मान तिची खाली होती.

चार दिवसांनी तिच्या हातात एक टाइप केलेला कागद आला. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या खेपेचे निकाल तंत्रज्ञाने काचेची भांडी हलगर्जीपणे धुतल्यामुळे बिघडले. पहिल्या खेपेचे निकाल ग्राह्य आहेत. कंपनीने पुढे जावं. खाली तिच्या सहीसाठी टिंबांची ओळ. सही केली तर गोष्ट मिटली, खोली तिची, काम तिचं. नाही केली तर तिचं कंत्राट, जे दर तीन वर्षांनी न चुकता पुढे चालू होत आलं होतं, त्याचा विचार करावा लागेल, असं तिला तोंडी सांगण्यात आलं.

तो कागद त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मीठदाणीखाली ठेवला होता. मला बोलावून घेतलं होतं.

"मी म्हणतो, करून टाक," नवरा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा थट्टेचा नव्हता. "हलगर्जीपणा म्हटलंय ना, चोरी नाही म्हटलं. कोण वाचतंय? तुला घरी बसवलं तर तू काय करशील? मला माहितीयेस ना तू. तू आमटीत थेंब मोजशील."

"आणि ते औषध?"

"ते बघतील की डुकरांवर. नाही चाललं तर फेकतील."

"डुकरांत एवढं तेवढं काहीही दिसतं. कोणाला बघायचंच असलं की दिसतं. मग माणसं. ऑपरेशनच्या टेबलावरची माणसं. त्यांना वाटेल की काहीतरी राखण आहे."

"तू एकटीने जगाचा ठेका घेतलायस का?"

"तू लिफ्टच्या दोरखंडाची तपासणी न करता कार्डावर सही करशील?"

तो जरा रागानेच म्हणाला, "ते वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

सासूबाई इतका वेळ ताटातल्या पोळीच्या कडा चिवडत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. "हे औषध पुढच्या वेळी मला देतील का गं?"

"देऊ शकतील, आई."

"मग कर सही. सुटशील माझ्यापासून."

नवराच आधी हसला. हसता हसता त्याने मीठदाणी उचलली, कागदाची घडी घातली आणि बायकोच्या पर्समध्ये ठेवली. "कोरा परत दे," तो म्हणाला. "सही आमच्या घराण्यात कोणाची चांगली येतही नाही."

तिने कागद कोरा परत दिला आणि सोबत एक पत्र, प्रमुखांच्या वरच्या संचालकांना. पत्र तपासायला ती माझ्याकडे आली. मी फक्त एका ठिकाणी 'नम्रपणे' हा शब्द होता तो काढला. त्याची गरज नव्हती.

तीन माणसांची समिती बसली. मी बाहेर बाकावर होते. आत काय झालं ते तिने परत येताना बसमध्ये शब्दाला शब्द सांगितलं, आणि तिच्या मोजमापावर माझा विश्वास आहे.

"आपलं शिक्षण?"

"बीएस्सी."

"म्हणजे पीएचडी नाही. मग एखाद्या रेणूच्या गुणधर्मांविषयी आपण मत कसं देता?"

"मत दिलं नाही, साहेब. पेटीत वीजघरंच नव्हती, तरी आठ थेंब गेले. यात माझं मत कुठे आलं?"

"काच अस्वच्छ असू शकते."

"काच अस्वच्छ असती तर दोन्ही खेपांना दिसलं असतं. काच तीच होती."

"आपल्याला प्रमुखांविषयी वैयक्तिक आकस आहे का?"

आकस! एकवीस वर्षांत त्या माणसाचा एकही प्रयोग तिने दुपारी एकच्या पलीकडे जाऊ दिला नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं आणि केमिस्ट आत गेले. बोलावलेलं नसताना. मी त्यांना माझ्यासमोरून जाताना पाहिलं, कपाळावर घाम आणि छातीशी धरलेली वही. त्यांनी ती टेबलावर ठेवली, एक पान उघडलं आणि म्हणाले, "चिमट्याने धुतलं. मी. नंतर पाण्याने दोनदा धुवायचं ते एकदाच धुतलं." आणि बसायला सांगायच्या आत बाहेर आले. माझ्या बाकावर येऊन बसले.  मी त्यांना माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.

आता निकाल ऐका. त्रेसष्ट नंबरचं काम थांबवण्यात आलं, कारण 'संस्थेच्या अग्रक्रमांत बदल'. चिमट्याचा उल्लेख नाही. एका ओळीत कुठेही लिहिलेलं नाही की हे औषध वीजघरांना वाचवत नाही, आणि हे एका बाईने रिकामी पेटी लावून दाखवलं. कंपनीने करार गुंडाळला. प्रमुखांना पुढच्या वर्षी मोठं पद मिळालं. केमिस्टना लेखी समज मिळाली. आणि थेंबताईच्या फायलीत 'काचेच्या स्वच्छतेबाबत अधिक दक्षता घ्यावी' असं वाक्य राहिलं. ते काढा म्हणून तिने तीनदा अर्ज केला. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की समितीने हे वाक्य आरोप म्हणून नव्हे तर सूचना म्हणून लिहिलं आहे. जन्मभर मी मुलांना वाक्यार्थ शिकवला. सूचना! ज्या बाईची काच त्या इमारतीत सगळ्यात स्वच्छ होती, तिला!

कंत्राट संपलं, ते पुढे चालू झालं नाही. शेवटच्या दिवशी तिने फ्रीजच्या खालच्या खणातली एक्केचाळीस नंबरची पुडी काढली, सोबत पाच रेघांच्या प्रती जोडल्या, वर चिठ्ठी लावली: 'प्रत्येक थेंबाला उसळते आणि खाली येते. रिकाम्या पेटीत करून पाहिलं, काही धरत नाही. नऊ खरे आहेत.' आणि पुडी वरच्या खणात, डोळ्यांसमोर ठेवली.

दीड वर्षाने तिथल्या एका विद्यार्थिनीने ती पुडी उचलली. एक्केचाळीसची दोन टोकं बदलून तिने नवे रेणू करून घेतले. त्यातला एक तेरा थेंब देतो, दर थेंबाला उसळून. उंदराच्या हृदयावरही काही दिसतंय म्हणे. मुलगी चांगली आहे, छापलेला लेख घेऊन स्वतः घरी आली. थेंबताईने चष्मा लावून आधी रेघा पाहिल्या, मोजल्या, मान हलवली. मग शेवटचं पान उलटलं. तिथे आभार होते: प्रमुखांचे त्यांच्या दूरदृष्टीबद्दल, संस्थेचे, प्राणीगृहाचे. मुलगी खाली बघून म्हणाली, "मी तुमचं नाव घातलं होतं, ताई. छापायला गेलं तेव्हा नव्हतं."

"रिकामी पेटी लावलीस ना?" थेंबताईने विचारलं.

"आम्ही रोज लावतो आता. सगळ्यात आधी."

"मग झालं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. तिचं झालं असेल. माझं झालेलं नाही, म्हणून हे लिहिलं.

सध्या ती दूध डेअरीच्या तपासणी विभागात आहे, सकाळी सहा ते दोनच्या पाळीत. पहिल्या टँकरचा नमुना तीच घेते, आणि तिची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते, म्हणून मंगळवारचं दूध मी घेत नाही.